परक्याच्या बाजारातली आपली पोरं

गेल्या दोन-तीन हंगामांत गट ऑफिसात उसाची नोंद द्यायला येणाऱ्या सभासदांच्या बोलण्यात एक नवी गोष्ट येऊ लागली आहे. "थोरला काय करतो?" असे विचारले की पूर्वी दोनच उत्तरे यायची. एक, "पुण्याला कंपनीत आहे," आणि दुसरे, "आहे आपला शेतावर." आता तिसरे उत्तर ऐकू येते : "घरीच असतो, ऑनलाइन कामं करतो." त्यावर काम कोणते, कोणाचे आणि पैसे कोण पाठवतो असे विचारले की सभासद जरा घुटमळतात. "अमेरिकेतनं येतात म्हणतो," एवढेच सांगतात. एखाद्या घरी मात्र हे पैसे मध्येच बंद झालेले असतात. पोरगा नीट जेवत नाही, "अकाउंट गेलं" म्हणतो, आणि वडिलांना नक्की काय गेले हेच उमगत नाही.

म्हणून या अंकात खत-पाण्याच्या मजकुराची थोडी जागा घेऊन आम्ही हा विषय मुद्दाम मांडत आहोत. पोरांना यातले बरेच माहीत असेल. हा मजकूर मुख्यतः त्यांच्या वडीलधाऱ्यांसाठी आहे.

या कामाला नोकरी म्हणता येत नाही. आपल्याकडे गवंडी, सुतार, बोअरवाला, जेसीबीवाला जसा कामापुरता येतो, ठरलेले घेतो आणि जातो, तशातलाच हा प्रकार. इंग्रजीत अशा माणसाला फ्रीलान्सर म्हणतात. घराचे नकाशे काढणे, हिशेब लिहिणे, जाहिरातीची चित्रे करणे, व्हिडिओची जुळणी करणे, ध्वनिमुद्रण ऐकून ते टंकून देणे, वेबसाइट बांधणे अशी ही कामे. गवंड्याची गाठ चावडीपुढे किंवा पारावर पडते, शहरात मजूर नाक्यावर पडते. या पोरांचा नाका इंटरनेटवर आहे. तिथे काम देणारे जगभरचे आणि काम मागणारेही जगभरचे.

असे नाके चालवणाऱ्या कंपन्या आता चांगल्याच मोठ्या झाल्या आहेत. अमेरिकेत १९९९ च्या सुमारास इलान्स आणि २००३ मध्ये ओडेस्क अशा दोन कंपन्या निघाल्या. त्यांचे एकत्रीकरण २०१३ अखेर जाहीर झाले आणि २०१५ पासून त्या कंपनीला अपवर्क हे नाव मिळाले. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये फ्रीलान्सर डॉट कॉम आणि इस्रायलमध्ये २०१० मध्ये फायव्हर सुरू झाली. आपल्या भागातली पोरे बहुतेक याच तिघींपैकी एखादीच्या दारात उभी असतात.

सांगलीच्या यार्डात हळद किंवा कोल्हापूरला गूळ ज्यांनी घातला आहे त्यांना या बाजाराची रीत समजायला वेळ लागणार नाही. आडत आहे, बोली आहे, काटा आहे आणि वर बाजार चालवणाऱ्याचे नियम आहेत. फायव्हरवर १०० डॉलरचे काम केले तर करणाऱ्याच्या हातात ८० येतात. २० कंपनीचे. अपवर्कची आडत एके काळी कामाच्या रकमेप्रमाणे २० टक्क्यांपासून खाली उतरायची, २०२३ मध्ये ती सरसकट १० टक्के झाली आणि २०२५ पासून शून्य ते १५ टक्क्यांच्या दरम्यान कामागणिक ठरू लागली. शिवाय तिथे बोली लावायलाही पैसे पडतात. 'कनेक्ट' नावाची टोकने विकत घ्यायची आणि प्रत्येक अर्जाला त्यातली काही खर्ची घालायची. काम मिळो न मिळो, टोकन गेले. लिलावात नुसता हात वर करायचेही पैसे लागले असते तर आपल्या यार्डात किती व्यापारी उभे राहिले असते, हा विचार आमच्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

पण या आडतीच्या बदल्यात पोराला एक गोष्ट मिळते आणि तिची किंमत कमी लेखू नये. ठरावीक रकमेचे काम असेल तर काम देणाऱ्याने पैसे आधी बाजाराकडे अनामत ठेवायचे असतात. अपवर्कवर काम दाखल केल्यावर समोरच्याने १४ दिवसांत काहीच कळवले नाही तर ते मंजूर धरले जाते. फायव्हरवर काम पुरे झाल्यावर साधारण १४ दिवसांनी पैसे मोकळे होतात. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ ने उसाच्या बिलासाठी घातलेली १४ दिवसांची मुदत आपल्या सभासदांना पाठ आहे. हा आकडा तिथे कुठून आला ते देव जाणे, पण ओळखीचा वाटतो खरा.

तासावर काम घेतले तर आणखी निराळे. दर दहा मिनिटांच्या टप्प्यात केव्हा तरी एकदा पोराच्या स्क्रीनचे चित्र आपोआप निघते, आणि कळा किती दाबल्या, माउस किती वेळा हलला हेही मोजले जाते. तासाला सहा चित्रे. ती काम देणाऱ्याला दिसतात. बांधावर मुकादम उभा करणे म्हणतात ते हेच. म्हणून पोरगा दार लावून बसला असेल आणि "आत येऊ नका" म्हणत असेल तर लगेच रागावू नये. मध्येच भावकीच्या लग्नाचे फोटो उघडून बसला तर तेही चित्र जायचे.

आता नियमांकडे वळू. खरी ठेच तिथेच लागते.

आपल्याकडे धंद्याची सुरुवात मोबाइल नंबर देण्याने होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे नंबर असतो, रोटाव्हेटरवाल्याचा नंबर विजेच्या खांबावर असतो, मंडपवाल्याचा तर मंदिराच्या भिंतीवरही असतो. ज्याचा नंबर जास्त ठिकाणी तो जास्त हुशार. या बाजारात नेमके उलटे आहे. काम पक्के होण्याआधी आपला फोन नंबर किंवा ईमेल समोरच्याला देणे हा तिथे गुन्हा आहे. पोरांनी आपापसांतल्या निरोपात असे काही लिहिले की आधी यंत्रच ते पकडते. काही ठिकाणी निरोप अडतो, काही ठिकाणी ताकीद येते, आणि ताकिदी साचल्या की खाते गोठते. नवखा पोरगा चांगुलपणाने लिहितो, "सर, व्हॉट्सअॅपवर बोलू," आणि तिथेच अडकतो.

नियम असा का, हे उघड आहे. दोघांची गाठ घालून दिली बाजाराने. ते बाहेर जाऊन परस्पर व्यवहार करू लागले तर आडत बुडते. अपवर्कचा नियम तर असा की तिथे ओळख झालेल्या गिऱ्हाइकाचे पैसे पुढची दोन वर्षे तिथूनच घ्यायचे. लवकर मोकळे व्हायचे असेल तर वेगळी फी भरावी लागते. आपला नोंदलेला ऊस कोणी रातोरात गुऱ्हाळाला घातला तर कारखान्याला काय वाटते ते सभासद जाणतात, आणि तो का घातला जातो हेही जाणतात. दर बरा मिळतो, पैसे रोख मिळतात. बाहेर काम करायचा मोहही असाच असतो. समोरचा गोड बोलतो, "आडत वाचेल, निम्मी तुला निम्मी मला."

आमच्या माहितीतल्या तीन-चार पोरांनी हे करून पाहिले आहे. एकाचे बरे चालले, अजून चालू आहे. बाकीच्यांचे काम गेले आणि पैसेही गेले. बाजाराबाहेर अनामत नाही, काटा नाही, आणि दाद मागायला टेक्सासला जाणार कोण? तेव्हा या नियमाला निव्वळ लूट म्हणणे आम्हांस पटत नाही. तो बाजाराच्या फायद्यासाठी केला आहे हे खरेच, पण त्याच्या सावलीत पोराचेही थोडे संरक्षण होते. आडत किती असावी हा वेगळा प्रश्न. तो विचारायला हवा, पण तिथे विचारायची सोय नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरा नियम आपल्या घरांना सर्वांत जड जातो. एका माणसाचे एकच खाते, ते त्यानेच वापरायचे, दुसऱ्याला चालवायला द्यायचे नाही. कागदावर किती साधा नियम! पण हा नियम जिथे लिहिला गेला तिथे माणशी एक खोली आणि माणशी एक लॅपटॉप असतो. आपल्याकडे घरात लॅपटॉप एक, वायफाय एक, आणि बँक खाते बहुतेक वडिलांचे.

आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका घरी गेल्या वर्षी जे झाले ते त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न सांगता देतो. सभासदांचा तीन एकर ऊस आहे. मुलाने सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे आणि तो परदेशातल्या लहान ठेकेदारांना घरांचे नकाशे काढून देतो. त्याच्या पाठची बहीण एम. ए. आहे आणि इंग्रजी ध्वनिमुद्रणे ऐकून टंकून देते. दोघांचा लॅपटॉप एकच. तो दिवसा तिच्याकडे आणि रात्री त्याच्याकडे, कारण त्याची गिऱ्हाइके आपल्या रात्री जागी असतात. दोघांनी त्याच बाजारात वेगवेगळी खाती काढली होती. दोन्ही खरी, आपापल्या नावाची. मुलीचे खाते दोन वर्षांचे होते. तिच्यापुढे पन्नासएक चांगले शेरे जमले होते, आणि त्या शेऱ्यांवरच तिला पुढची कामे मिळत.

एके दिवशी सकाळी दोघांची खाती बंद. निरोप दोन ओळींचा : तुमच्याकडून एकाहून अधिक खात्यांच्या नियमाचा भंग झाला आहे. त्या वेळी मुलाचे एक काम पुरे होऊन पैसे मोकळे व्हायचे होते आणि मुलीच्या खात्यात महिनाभराची कमाई शिल्लक होती. मुलगा वडिलांना सांगायला गेला तेव्हा ते पहिल्यांदा काय म्हणाले असतील? "काय चोरी-बिरी केलीस का रे?" त्यांचेही काय चुकले? बंद करणारा कारण सांगत नाही आणि पोरगा शपथेवर सांगतो की काही केले नाही, तर बापाने समजायचे काय?

घडले ते इतकेच. यंत्राला एकाच लॅपटॉपवरून, एकाच जोडणीवरून दोन खाती चालताना दिसली, आणि वर दोघांचे पैसे उतरायचे ठिकाण एकच आढळले. एक लबाड माणूस दोन नावांनी फिरतो आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. असे लबाड असतातही. चांगल्या शेऱ्यांची खाती विकत घेऊन दुसऱ्याच्या नावाने काम उचलणारे जगात पुष्कळ आहेत, आणि बाजाराने त्यांना हुडकू नये असे कोण म्हणेल? पण लबाड आणि भाऊ-बहीण यांतला फरक कळायला माणूस लागतो, आणि माणूस तिथे फार उशिरा भेटतो.

मुलाने पहिल्याच दिवशी एका मित्राच्या सांगण्यावरून नवे खाते काढायला घेतले होते. बहिणीने त्याला थांबवले. "दादा, असं केलंस तर त्यांचंच खरं ठरंल," ती म्हणाली. हे तिचे फार शहाणपणाचे झाले. बंद खात्यामागून दुसरे काढणे हा या बाजारातला सर्वांत मोठा अपराध समजतात. त्यानंतर पहिले खाते परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते. दोघांनी मग ओळखपत्रे पाठवली, घरात एकच लॅपटॉप आहे हे सरळ लिहून कळवले, केलेल्या कामांच्या फाइली तारखांसह जोडल्या. मुलाला काही दिवसांनी व्हिडिओवर बोलावून चेहरा आणि कार्ड ताडून पाहिले. तेविसाव्या दिवशी त्याचे खाते उघडले. मुलीच्या अर्जाला उत्तर आले की निर्णय कायम आहे. तिचे पैसे काही महिन्यांनी मिळाले, पण दोन वर्षांचे शेरे गेले ते गेलेच. ते काही दुसरीकडे उचलून नेता येत नाहीत. सातबारा बाजाराच्या नावावर आणि पीक आपले, अशातला हा प्रकार आहे.

इथे आम्हांस आपल्या कायद्याची आठवण झाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ३५ ज्यांनी वाचले नसेल त्यांनी एकदा वाचावे. संस्थेला एखादा सभासद काढायचा असेल तर चेअरमनच्या किंवा संचालक मंडळाच्या मनात आले म्हणून काढता येत नाही. त्यासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत, हजर राहून मत देणाऱ्या सभासदांपैकी तीन चतुर्थांशांचे बहुमत लागते. त्या सभासदाला सर्वांसमोर आपली बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. ती दिली नाही तर ठराव बाद. आणि एवढे करूनही निबंधकाची मान्यता मिळेपर्यंत ठराव अमलात येत नाही. दहा गुंठ्यांचा सभासद असो की दहा एकरांचा, मत एकच, आणि त्याला काढायचे तर एवढा घाट.

सभासद म्हणतील, कागदावर आहे खरे. सर्वसाधारण सभेत माइक कोणाच्या हातात असतो आणि आवाजी मतदान कसे उरकते हे आम्हालाही ठाऊक आहे, आणि काट्याबद्दल तुमच्या मनात काय असते तेही. पण भांडायला जागा आहे. कलम दाखवता येते, निबंधकाकडे जाता येते, पुढच्या निवडणुकीत पॅनेल उभे करता येते. त्या मुलीला यातले काहीच नव्हते. तिने पहिल्या दिवशी खाते उघडताना जी पन्नास पाने 'मान्य आहे' म्हणून पुढे ढकलली, त्यांतच लिहिलेले असते की कंपनी आपल्या विचाराने खाते बंद करू शकते. ती गिऱ्हाईक नाही, नोकर नाही, आणि सभासद तर नाहीच.

यावर सरकारांनी काहीच केले नाही असे मात्र नाही. युरोपीय संघाने २०१९ मध्ये अशा बाजारांसाठी एक नियमावली केली आणि ती १२ जुलै २०२० पासून लागू झाली. व्यावसायिकाचे खाते कायमचे बंद करायचे तर ३० दिवस आधी कारणांसह कळवावे, असे तीत सांगितले. पण हे संरक्षण युरोपात ठाण असलेल्यांना. आपल्या शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांचा कायदा केला. त्यात काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस अशी तरतूद आहे. पुन्हा १४! अर्थात तो कायदा त्या राज्यापुरता आणि यादीतल्या सेवांपुरता. राजस्थानने असा कायदा २०२३ मध्येच केला होता. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि गिग कामगार कोणाला म्हणायचे हे केंद्रीय कायद्यात पहिल्यांदा लिहिले गेले. तिचा भर विमा, आरोग्य, म्हातारपण यांवर आहे, आणि तेही हवेच. तरी या सगळ्यात डोळ्यांसमोर मुख्यतः मोटारसायकलवर डबे पोहोचवणारा पोरगा आहे. गोठ्याशेजारच्या खोलीत बसून कॅनडातल्या घराचा नकाशा काढणारा अजून कोणाच्या फारसा नजरेत नाही.

सहकाराच्या वाटेने असा बाजार उभा राहू शकतो का, असे एका तरुण सभासदाने आम्हांस विचारले. जगात प्रयत्न झाले आहेत. कॅनडात २०१३ मध्ये स्टॉक्सी नावाची संस्था सुरू झाली. छायाचित्रे काढणारेच तिचे सभासद आणि मालक आहेत, आणि त्यांना मत आहे. बेल्जियममध्ये सुट्या कामाच्या कलावंतांसाठी १९९८ पासून चाललेली स्मार्ट ही संस्थाही पुढे सहकारी झाली. या संस्था त्या अवाढव्य बाजारांपुढे लहान आहेत. पण प्रवरानगरला १९५०-५१ चा पहिला हंगाम झाला तेव्हा खाजगी कारखान्यांपुढे तोही लहानच होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पाठीशी ऊस तरी होता, जमीन होती, हद्द होती. या पोरांची गिऱ्हाइके सात समुद्रांपलीकडे विखुरलेली. त्यांना एका छपराखाली आणणे सोपे नाही, आणि आम्ही उगाच आशा लावणार नाही.

तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय बघावे, त्यातल्या काही गोष्टी सांगतो. पहिली नावाची. आपली नावे इंग्रजीत लिहिताना काय गोंधळ होतो ते बिलाच्या वेळी बँकेत दिसतेच. दत्तात्रयचे स्पेलिंग आधारवर एक, पॅनवर दुसरे आणि दहावीच्या दाखल्यावर तिसरे. मधले वडिलांचे नाव कुठे आहे, कुठे नाही. या बाजारात ओळख ताडताना एका अक्षराचा फरक पडला तरी अर्ज अडतो. पोराने खाते काढायच्या आधीच कागद एकसारखे करून घ्यावेत. पैसे उतरायचे बँक खाते ज्याचे त्याच्या स्वतःच्या नावाचे हवे. वडिलांच्या खात्यावर घेऊ नयेत, मग भले त्या दिवशी उसाच्या बिलाबरोबर एकत्र काढायची सोय होत असली तरी. घरात दोघे काम करणारे असतील तर शक्य तो यंत्रे दोन असावीत. जमत नसेल तर तसे बाजाराच्या मदत विभागाला आधीच लिहून कळवावे आणि ते पत्र जपून ठेवावे. खात्यावर महिनोन्‌महिने पैसे साठवू नयेत, मोकळे झाले की उतरवून घ्यावेत. केलेल्या कामाच्या प्रती, झालेली बोलणी, बोललेली रक्कम यांची नोंद बाजाराच्या बाहेर स्वतःजवळ असावी. खाते बंद झाले की आतले काहीच दिसत नाही. तुमच्या खिशातली तोडणीची चिठ्ठी आणि काट्याची पावती जे काम करते तेच या नोंदी करतात.

शेऱ्यांबद्दलही एक गोष्ट आहे. चांगला शेरा द्या म्हणजे थोडे पैसे कमी करतो, असे पोराने चुकूनही लिहू नये. समोरच्यानेही वाईट शेऱ्याची भीती घालून फुकट काम मागू नये असा नियम असतो. तसे कोणी केले तर तो निरोप पुसू नये, तोच पुरावा.

आणि कराचे. आपल्या घरांत शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्राची सवय नाही. पण हे पैसे शेतीचे नव्हेत. पोरगा तुमच्याच घरात, तुमच्याच पत्र्याखाली बसून कमावतो म्हणून ते शेतीचे होत नाहीत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणीही लागते. परदेशी सेवेवर तो कर शून्य दराने असला तरी नोंदणी आणि कागद चुकत नाहीत. परदेशातून पैसे आले की ते कोणत्या कामाचे हे बँक विचारते, ते बरोबर सांगावे आणि बँकेचा दाखला मागून घ्यावा. घराच्या कर्जाला गेल्यावर हाच दाखला उत्पन्नाचा पुरावा होतो. त्या वेळी "ऑनलाइन कामं करतो" एवढ्यावर कोणी कर्ज देत नाही.

कामाचा प्रकारही बघत राहावे लागेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून नुसते लिहून देण्याची आणि भाषांतराची फुटकळ कामे या बाजारांत कमी झाली आहेत. नकाशाच्या कामाला अजून तशी झळ नाही, असे त्या मुलाचे म्हणणे आहे.

त्याच्या बहिणीने आता तो बाजार सोडला आहे. जुन्या गिऱ्हाइकांपैकी कोणाचा पत्ता तिच्याजवळ नव्हता, कारण तिने नियम पाळला होता आणि कोणाचा ईमेल कधी मागितलाच नव्हता. पुण्यातल्या एका कार्यालयाचे टंकलेखनाचे काम तिला ओळखीने मिळाले आहे. दर पूर्वीच्या निम्मा आहे, पण महिन्याच्या सात तारखेला पैसे जमा होतात. लॅपटॉप तिच्याकडेच राहिला. भावाने चालू हंगामाची पहिली उचल आल्यावर वडिलांकडून थोडे उसने घेऊन स्वतःसाठी दुसरा आणला, आणि त्याची जोडणी शेजारच्या चुलत्याच्या घरातून घेतली आहे.